अडतीस ओळी

माझ्या आजीला दिवेलागणीच्या वेळी घरात वाईटसाईट बोललेलं चालायचं नाही. "वास्तू तथास्तु म्हणत असते गं," म्हणायची. खेळताना कुणी 'मेलो मेलो' ओरडलं तरी तिचे हात देव्हाऱ्याकडे जोडले जायचे. आमच्या मिरजेच्या घरात आजारांची नावं घेतली जात नसत. कॅन्सरला 'ते' म्हणायचे. "पाटलांच्या काकूंना ते झालंय म्हणे." एवढं म्हणून आवाज आणखी खाली जायचा आणि मग कुणीतरी चहाचं विचारायचं. गंमत अशी की हे सगळं मिरजेत, जिथे अर्ध्या गावाचं पोट दवाखान्यांवर चालतं. वॉन्लेस साहेबांनी १८९४ मध्ये मिशन हॉस्पिटल सुरू केलं तेव्हापासून कोल्हापूर, सोलापूर, पार कर्नाटकातून लोक पेशंट घेऊन इकडे येतात. 'मिरजेला न्या' याचा अर्थ आमच्याकडे सगळ्यांना कळतो. दुसऱ्यांचे आजार आम्ही रोज बघायचो. आपल्या घरातल्या आजाराबद्दल मात्र कुणी अवाक्षर काढायचं नाही.

हे सगळं आठवायचं कारण म्हणजे जून २०२५ मधली एक रात्र. मेलबर्नच्या पश्चिमेला टार्नीटमध्ये आमचं भाड्याचं घर आहे. जून म्हणजे इथला ऐन हिवाळा. लेक झोपली होती, हीटर घोंघावत होता, आणि मी आणि नवरा जेवणाच्या टेबलाशी लॅपटॉप उघडून बसलो होतो. पडद्यावर एका पॉलिसीचं सरकारी नमुन्यातलं माहितीपत्रक होतं. त्यात उपचारांच्या अडतीस ओळी असतात आणि प्रत्येक ओळीपुढे एक खूण. हिरवी बरोबरची खूण म्हणजे विमा पैसे देणार, फुली म्हणजे नाही, आणि 'आर' असेल तर अर्धवट. ह्रदय. फुफ्फुसं. मूत्रपिंड. मेंदू. स्तन. सांधे बदलणं. डायलिसिस. केमोथेरपी. शेवटच्या आजारातली शुश्रूषा. नवरा एकेक ओळ मोठ्याने वाचत होता आणि मी कागदावर लिहीत होते: हवं, नको, बघू. मध्येच माझा हात थांबला. आजी असती तर लॅपटॉप मिटवून टाकला असता तिने.

आम्ही ऑगस्ट २०२४ मध्ये पीआर, म्हणजे कायमचा व्हिसा, घेऊन पुण्याहून इथे आलो. पहिल्या आठवड्यातच मेडिकेअरमध्ये नाव नोंदवलं. मेडिकेअर म्हणजे इथली सरकारी आरोग्य व्यवस्था, १ फेब्रुवारी १९८४ पासून चालू असलेली. कायमचा व्हिसा असला की तीत आपलं नाव लागतं, आणि करपात्र उत्पन्नाच्या दोन टक्के तिच्यासाठी करातून जातात. हिरवं कार्ड घरी आलं. मला वाटलं, झालं, दवाखान्याची काळजी मिटली.

आणि खरंच, बऱ्याच अंशी मिटली होती. ऑक्टोबरमध्ये लेक शाळेतल्या मंकी बारवरून पडली आणि कोपराशी हाड मोडलं. आम्ही तिला जवळच्या सरकारी रुग्णालयात नेलं. पावणेपाच तास बसलो. तिला दुखणं कमी व्हायचं औषध आल्याआल्या दिलं होतं, पण पाळी यायला पावणेपाच तास लागले. मग एक्स-रे, मग प्लास्टर, मग पुढची तारीख. निघताना मी सवयीने काउंटर शोधत होते. पर्समध्ये कार्ड हातात धरलेलं. नर्सला विचारलं, पैसे कुठे भरायचे? ती म्हणाली, "कुठेच नाही. घरी जा, तिला झोपवा." गाडीत बसल्यावर मी रडले. लेकीला वाटलं तिच्या हातामुळे रडते आहे.

कारण माझ्या डोळ्यापुढे २०१६ सालची ती दुपार होती. बाबांच्या छातीत दुखायला लागलं तेव्हा शेजारच्या काकांनी त्यांच्या सुमोत घालून त्यांना नेलं. आतेभावाची एका डॉक्टरांशी ओळख होती, म्हणून बेड मिळाला. 'आधी डिपॉझिट भरा' म्हटल्यावर काकाने सोसायटीतून पैसे काढून आणले. बाबांचा मेडिक्लेम होता, पण एजंटने फॉर्म भरताना बीपीची गोळी चालू आहे हे लिहिलंच नव्हतं. "कशाला लिहायचं, हप्ता वाढेल," असं म्हणाला होता म्हणे. क्लेम नाकारला गेला. अँजिओप्लास्टी झाली, बाबा आजही ठणठणीत आहेत, पण त्या बिलातला विम्याचा वाटा शून्य होता. आम्हाला तारलं ते सुमोने, आतेभावाच्या ओळखीने आणि काकाच्या ठेवीने. मी त्या माणसांची आयुष्यभर ऋणी आहे. पण तेव्हापासून विमा म्हटलं की माझ्या पोटात गोळा येतो. ज्या कागदावर खरं लिहिलं तर महाग पडतं आणि लपवलं तर ऐनवेळी उलटतं, त्याला आधार कसा म्हणायचा?

तर मग इथे सरकारी व्यवस्था असताना खासगी विमा घ्यायचाच कशाला? मी हाच प्रश्न सहा महिने प्रत्येकाला विचारत होते. मराठी मंडळाच्या संक्रांतीच्या हळदीकुंकवालाही विचारला. उत्तरं सगळी एकाच सुरात आली: "टॅक्स वाचतो ना." पलीकडच्या गल्लीतल्या कोल्हापूरच्या वहिनी म्हणाल्या, "सगळ्यात स्वस्त घ्या आणि विसरून जा. आम्ही तेच केलंय." कुठले उपचार बसतात त्यात, असं विचारल्यावर त्या क्षणभर थांबल्या. "ते बघितलं नाही बाई कधी."

टॅक्सचं काय ते सांगते, कारण नव्याने आलेल्या प्रत्येक घरात ही चर्चा अर्धवट माहितीवर चालते. उत्पन्न एका मर्यादेच्या वर गेलं आणि खासगी हॉस्पिटल कव्हर नसलं, तर दोन टक्क्यांशिवाय आणखी एक ते दीड टक्का अधिभार भरावा लागतो. २०२४-२५ साठी ही मर्यादा एकट्या माणसाला ९७ हजार डॉलर आणि कुटुंबाला १ लाख ९४ हजार होती. मलाही नोकरी लागल्यावर आमचं दोघांचं मिळून त्या रेषेच्या थोडंसं वर जात होतं. म्हणजे वर्षाचे साधारण दोन हजार डॉलर.

दुसरी गोष्ट वयाची. १ जुलै २००० पासून इथे नियम आहे की तिशीच्या सुमाराला हॉस्पिटल कव्हर घेतलं नाही, तर नंतर घेताना तीस वर्षांपुढच्या प्रत्येक वर्षामागे हप्त्यावर दोन टक्के जादा चढतात. कमाल सत्तर टक्के. सलग दहा वर्षं पॉलिसी चालवली की ते उतरतात. मग आमच्यासारख्यांनी काय करायचं, जे चाळिशीला टेकल्यावर या देशात पाऊल ठेवतात? त्यांच्यासाठी सवलत आहे: मेडिकेअरमध्ये नाव लागल्यापासून बारा महिन्यांच्या आत घेतलं तर वाढीव काही नाही. नवरा एक्केचाळीसचा, मी अडतीसची. आम्ही तीन वर्षांनी घेतलं असतं तर त्याचे अठ्ठावीस टक्के, माझे बावीस, आणि एकत्र पॉलिसीला दोघांची सरासरी लागते म्हणजे पंचवीस टक्के. दहा वर्षं. आमची मुदत ऑगस्ट २०२५ मध्ये संपत होती. त्या तारखेची आठवण करून देणारं कुणी असतंच असं नाही. नोंदणी कधी झाली याचं मेडिकेअरचं पत्र मात्र जपून ठेवावं, विमा कंपनी पुरावा म्हणून ते मागते. आमचं पत्र सापडलं ते लेकीच्या लसीकरणाच्या फाइलमध्ये.

मे महिन्यात मी एका तुलना करून देणाऱ्या संकेतस्थळावर फोन नंबर टाकला. ती माझी चूक. त्या दिवसापासून चार दिवसांत सात फोन आले. माणूस गोड बोलायचा. नाव विचारून ते नीट उच्चारायचा प्रयत्न करायचा. "आज घेतलंत तर सहा आठवड्यांचा हप्ता माफ." मी म्हटलं, मला आधी वाचायचं आहे. तर म्हणाला, वाचण्यासारखं फार नाही, मी सांगतो ना. मग कळलं की अशी संकेतस्थळं ज्या कंपन्या त्यांना कमिशन देतात त्यांच्याच पॉलिसी दाखवतात. मला त्या माणसाचा राग आला नाही, त्याचं पोट त्यावर आहे. राग आला तो यासाठी की त्याची घाई नेमकी आमच्यासारख्यांवर चालते. नवा देश, नवी भाषा, तारीख डोक्यावर, आणि विचारायला घरचं कुणी नाही.

खरी मदत झाली ती प्रायव्हेटहेल्थ डॉट गव्ह डॉट एयू या सरकारी संकेतस्थळाची. त्यावर सगळ्या कंपन्यांच्या सगळ्या पॉलिसी एकाच साच्यात दिसतात. अडतीस ओळींचा कागद तिथलाच. २०१९ पासून पॉलिसींचे चार दर्जे ठरवून दिले आहेत: बेसिक, ब्रॉन्झ, सिल्व्हर, गोल्ड. मधल्या मधल्यांना 'प्लस' लागतं. कोल्हापूरच्या वहिनींची पॉलिसी मी त्यांच्या परवानगीने तिथे उघडून बघितली. बेसिक. अडतीसपैकी इतक्या ओळींवर फुल्या होत्या की त्या बराच वेळ काही बोलल्या नाहीत. वर्षाला दोन हजारांच्या वर भरून त्यांना मिळत होता फक्त करातून सुटल्याचा कागद. माझं मत विचाराल तर तेवढ्यासाठी बेसिक घेण्यापेक्षा अधिभार भरलेला बरा. तो पैसा निदान सरकारी तिजोरीत जातो, आणि माझ्या लेकीचा हात सरकारी रुग्णालयातच बसवला गेला.

आपल्याकडच्या मेडिक्लेमची सवय असलेल्या माणसाचं इथे बरंच काही चुकतं. आपण पहिलं विचारतो, कव्हर किती? पाच लाख, दहा लाख? इथे तशी रक्कमच नसते. उपचार यादीत आहे की नाही, एवढंच. आपल्याला वाटतं, विमा घेतला की स्पेशालिस्टची फी तरी सुटेल. सुटत नाही. रुग्णालयात दाखल झाल्याशिवाय हॉस्पिटल कव्हरचा पैसा मिळत नाही. जीपी म्हणजे नेहमीचा डॉक्टर, बाहेरचा स्पेशालिस्ट, बाहेर केलेली तपासणी, हे मेडिकेअरचं आणि आपल्या खिशाचं काम. दाखल झाल्यावरही सगळं मिटतं असं नाही. सरकारने ठरवलेल्या दराच्या पंचाहत्तर टक्के मेडिकेअर देतं, पंचवीस टक्के विमा, पण सर्जनने त्याहून जास्त फी लावली तर वरची रक्कम आपली. तिला इथे 'गॅप' म्हणतात. शस्त्रक्रियेआधी गॅप किती पडेल हे लेखी मागायचं असतं, आणि ते मागताना संकोच करायचा नसतो. दात, चष्मा, फिजिओ हे 'एक्स्ट्रा'त येतात, त्याचा त्या अधिभाराशी आणि वयाच्या टक्क्यांशी काही संबंध नाही. आम्ही एक्स्ट्रा घेतलं नाही. दातांसाठी दरमहा वेगळे पैसे बाजूला टाकतो.

आणि अँब्युलन्स. मेडिकेअर तिचे पैसे देत नाही हे मला आल्यावर आठ महिन्यांनी कळलं. क्वीन्सलँड आणि टास्मानियात तिथल्या रहिवाशांना ती फुकट आहे, व्हिक्टोरियात नाही. एका फेरीचं बिल हजार डॉलरच्या वर जातं. अँब्युलन्स व्हिक्टोरियाचं वर्षाचं कौटुंबिक सभासदत्व शंभराच्या आसपास पडतं. बाकी काही जमलं नाही तरी हे आल्या आल्या करावं, असं मी आता प्रत्येक नव्या कुटुंबाला सांगते. भारतातून आई-वडील भेटीला येतात तेव्हा तर त्यांचा पुरेसा विमा काढूनच त्यांना विमानात बसवावं. मेडिकेअरचा परस्पर करार असलेल्या अकरा देशांत भारत नाही.

या सगळ्यात एका गोष्टीने मात्र मला आत कुठेतरी हलवलं. शेवटी तीन कंपन्या निवडून मी त्यांना स्वतः फोन केले. बाबांचा अनुभव मनात होता, म्हणून मी तयारीने बसले होते: नवऱ्याचं कोलेस्टेरॉल, माझं थायरॉईड, सगळं कागदावर. पलीकडच्या बाईने नाव, जन्मतारीख, मेडिकेअर नंबर घेतला. मी वाट बघत होते. तिने आजारांबद्दल विचारलंच नाही. मीच म्हटलं, मला थायरॉईड आहे, लिहून घ्या. ती म्हणाली, गरज नाही, त्याने हप्ता बदलत नाही. उशिरा घेतल्याचे ते वयाचे टक्के सोडले तर इथे कायदाच आहे की एका पॉलिसीचा हप्ता सगळ्यांना सारखा. म्हातारा असो, मधुमेही असो, दुखणाईत असो. फक्त आधीपासूनच्या दुखण्यासाठी बारा महिने थांबायचं, आणि आधीपासूनचं म्हणजे पॉलिसी घेण्यापूर्वीच्या सहा महिन्यांत ज्याची लक्षणं दिसली ते. ते ठरवतो कंपनीने नेमलेला डॉक्टर. मानसिक आजारासाठी दोनच महिने, जुना असला तरी.

माझ्या सासूबाईंचा मेडिक्लेम त्यांच्या त्रेसष्टाव्या वर्षी काढताना आम्ही काय काय केलं होतं! मधुमेह आहे म्हटल्यावर दोन कंपन्यांनी नाही म्हटलं, तिसरीने हप्ता जवळजवळ दीडपट लावला. त्या तेव्हा म्हणाल्या होत्या, "माझ्या आजाराची शिक्षा तुम्हाला." फोन ठेवल्यावर मला ते वाक्य आठवलं. आजारी असणं हा गुन्हा नाही, हे कुणीतरी कायद्यात लिहून ठेवलं आहे, याचं मला फार बरं वाटलं.

आता त्या रात्रीकडे येते. नवरा ओळी वाचत होता. ह्रदय आणि रक्तवाहिन्या ही ओळ सिल्व्हरपासून वर असते, ब्रॉन्झमध्ये ती नसली तरी चालतं. मी हिशेबाने म्हटलं, "खरोखरचा अटॅक आला तर अँब्युलन्स सरकारीतच नेणार. तिथे पॉलिसी कुणी विचारत नाही. मग हे कशाला?" तो काहीच बोलला नाही. मग म्हणाला, "अण्णांना साताऱ्याहून पुण्याला नेत होतो तेव्हा गाडीत मी होतो."

आमच्या लग्नाला तेरा वर्षं झाली. त्याचे वडील २००५ साली, चौपन्नाव्या वर्षी, ह्रदयविकाराने वाटेत गेले एवढं मला माहीत होतं. तो गाडीत होता हे माहीत नव्हतं. एकवीस वर्षांचा. अण्णांचं डोकं त्याच्या मांडीवर होतं. खंबाटकीच्या बोगद्यापर्यंत ते बोलत होते, उसाच्या बिलाचं काहीतरी सांगत होते. बोगद्यातून गाडी बाहेर आली तेव्हा बोलत नव्हते. "मी आईला सांगितलं नाही. झोपलेत म्हटलं. पुण्यापर्यंत." हे सगळं त्याने लॅपटॉपच्या पडद्याकडे बघत सांगितलं. हात माउसवर तसाच. मग म्हणाला, "तू म्हणतेस ते बरोबर आहे. पण ती ओळ कोरी बघवत नाही मला."

मी कागदावर लिहिलं: ह्रदय, हवं.

पुढच्या ओळी त्याने भराभर वाचल्या. मी लिहीत गेले आणि माझ्या लक्षात आलं की एक ओळ त्याने गाळली. चुकून नाही. डायलिसिसनंतरची ओळ सोडून तो थेट तिच्या पुढच्या ओळीवर गेला. मी म्हटलं, "मधली राहिली."

गर्भधारणा आणि बाळंतपण. ही ओळ फक्त गोल्डमध्ये असावीच लागते. तिला बारा महिने थांबावं लागतं, म्हणजे मूल हवं असेल तर ते पोटात राहण्याच्याही कितीतरी आधी ठरवायला हवं. लेक सात वर्षांची. दुसऱ्याचं आम्ही कधी नाही म्हटलं नव्हतं. पुण्यातल्या फ्लॅटचे हप्ते होते तेव्हा 'हप्ते फिटू देत' म्हटलं. मग व्हिसाची परीक्षा आली, 'तिकडे गेल्यावर बघू' म्हटलं. इथे आल्यावर 'जरा स्थिरावू'. कुणी विचारलं तर हसायचो. एकमेकांना विचारलं नाही ते वेगळंच. खरं तर या ओळीसाठीही पॉलिसीची गरज नव्हती. सरकारी रुग्णालयात बाळंतपण फुकट होतं, आणि चांगलं होतं असं इथल्या चारपाच मैत्रिणींकडून ऐकलं होतं. प्रश्न पैशाचा नव्हताच. पण त्या चौकटीत खूण हवी की फुली चालेल, हे कुणीतरी तोंडाने म्हणायला हवं होतं.

"नको," मी म्हटलं. मीच म्हटलं. म्हणेपर्यंत मला माहीत नव्हतं की मी तसं म्हणणार आहे. तो म्हणाला, "नक्की?" मी म्हटलं, "तुझं काय?" तो बराच वेळ हीटरकडे बघत राहिला आणि म्हणाला, "मला वाटायचं तुला हवंय, म्हणून मी थांबलो होतो." आणि मी त्याच्यासाठी थांबले होते. रात्री साडेअकराला आम्ही एका न झालेल्या मुलाबद्दल बोललो. त्याला आम्ही मनात नावही ठेवून दिलं होतं, हेही त्या रात्री कळलं. दोघांनी वेगवेगळं ठेवलं होतं.

दुसऱ्या दिवशी मी आईला फोन केला. यादीतल्या काही ओळींपुढे मी 'बघू' लिहिलं होतं, कारण आपल्या घराण्यात काय काय होऊन गेलंय हे मला सांगता येईना. विचारलं, "आई, आपल्याकडे कुणाला काय काय झालं होतं गं? सगळं सांग." आई म्हणाली, "हे काय सकाळी सकाळी? शुभ बोल." इथे दुपार टळली होती, तिच्याकडे दहा वाजले होते. मी समजावून सांगितलं. मग ती बोलू लागली. आजीचा मधुमेह, मोठ्या काकांची किडनी, मावशीचे गुडघे. मी लिहीत होते. आणि मग थोडं थांबून म्हणाली, "माझी गाठ काढली होती. छातीतली."

कधी?

"अठ्ठ्याण्णव साली. तू अकराची होतीस. तुला आत्याकडे ठेवलं होतं बघ आठ दिवस."

मला ते आठ दिवस लख्ख आठवतात. आत्याच्या घरी रोज शिकरण होती आणि मी खूश होते. आई पंढरपूरला गेलीय असं सांगितलं होतं. परत आली तेव्हा तिने मला उचलून घेतलं नाही, आणि मी दोन दिवस रुसले होते. गाठ साधीच निघाली, पुढे काही झालं नाही. पण सत्तावीस वर्षं तिने ते कुणाला सांगितलं नाही. तिच्या सख्ख्या बहिणीलासुद्धा नाही. "बोलून काय होणार होतं," म्हणाली. मी जीपीला सांगितलं तेव्हा तिने लगेच विचारलं, गाठ कसली होती, आईचं वय काय होतं, अहवाल आहे का. इथे चाळिशीपासून बायकांना ब्रेस्टस्क्रीनमध्ये फुकट तपासणी करून घेता येते. मला तेव्हा अजून दोन वर्षं होती. बाबांनी माळ्यावरची पत्र्याची पेटी उघडून तो कागद शोधला. जाळायच्या कागदांत होता म्हणे. त्याचा फोटो आता माझ्या मोबाइलमध्ये आहे.

पॉलिसी आम्ही जूनच्या शेवटी घेतली. सिल्व्हर, कुटुंबासाठी, दाखल होताना माणशी साडेसातशे डॉलर आधी आपण भरायचे या अटीवर. लेकीसाठी तेही नाहीत. सरकारकडून उत्पन्नाप्रमाणे सूट मिळते, आमच्या गटाला साधारण सोळा टक्के. ती वजा जाऊन महिन्याला पावणेचारशेच्या आसपास जातात. अधिभार वाचतो तो धरला तरी वर्षाला अडीच हजार अंगावर पडतातच. ते काही थोडे नाहीत, त्यात मिरजेची एक फेरी होते. ज्यांचं उत्पन्न मर्यादेच्या आत आहे आणि हात तंग आहे त्यांना मी घ्या असं म्हणणार नाही. मेडिकेअर खरंच भक्कम आहे. सांधा बदलणं किंवा मोतीबिंदू यांसारख्या न अडणाऱ्या शस्त्रक्रियांना तिथे थांबावं लागतं, तिसऱ्या वर्गाच्या, म्हणजे सगळ्यात कमी घाईच्या, शस्त्रक्रियेला शिफारसच तीनशे पासष्ट दिवसांच्या आत करायची आहे. पण जिवावरचं काही असेल तर कुणी थांबवत नाही. घ्यायचीच असेल तर अडतीसच्या अडतीस ओळी वाचून घ्या, आणि घरातल्या दोघांनी शेजारी बसून वाचा. एकट्याने वाचलं असतं तर आमची पॉलिसी कदाचित हीच निघाली असती. पण खंबाटकीचा बोगदा मला कळला नसता.

नवऱ्याने मग सासूबाईंनाही गाडीतलं सांगितलं. वीस वर्षांनी. त्या म्हणाल्या, मला माहीत होतं रे, तुझा हात थरथरत होता.

आईचा परवा पुन्हा फोन आला. आता ती स्वतःहून विचारते, तुमच्या त्या मेडिक्लेमचं काय झालं. मी सांगितलं, झालं सगळं. म्हणाली, "त्यात दातांचं असतं का?" म्हटलं, नाही, दातांचं वेगळं असतं. का गं? तर थोडी घुटमळली.

"नाही, तसं काही नाही. डावीकडची दाढ दुखतेय. तीन महिने झाले. लवंग धरते."

"बाबांना सांगितलंस?"

"नाही. तुलाच सांगतेय."

मी आतेभावाला मेसेज केला. गुरुवारी सकाळी अकराची वेळ मिळाली आहे, तो गाडी घेऊन येणार आहे. आईला सांगितलं, नाश्ता करून जा, आणि गाठीचंही डॉक्टरांना सांग. दाढेशी त्याचा काय संबंध, म्हणाली. म्हटलं, नसू दे, तरी सांग.

"बरं," म्हणाली. "सांगते."